तिथीचा वीजदर

दमयंती चोगले हिचा अपमान करायची हिंमत आजवर दोघांनीच केली होती. एक तिचे नववीचे गणिताचे मास्तर आणि दुसरं श्रेयमापक नावाचं यंत्र. मास्तरांना तिने दहावीच्या निकालाने गप्प केलं. यंत्राला गप्प करायची सोय नव्हती, कारण ते मुळात बोलतच नसे. ते आकडा दाखवी आणि समोरच्याचं तोंड बंद होई.

"एक टक्का?" दमयंतीने विचारलं.

"तिथीच्या दरातलं केंद्राचं श्रेय एकाहून कमीच आहे, ताई," ईशान मोघे म्हणाला. "बरं दिसावं म्हणून मी एक म्हटलं."

ईशान हा पुण्याच्या पोंक्षे प्रतिष्ठानाचा अधिकारी. नोकरीची पहिली काही वर्षं त्याने इथेच, दमयंतीच्या हाताखाली काढली होती, म्हणून वाईट बातमी घेऊन आपणच गेलेलं बरं, असं त्याने ठरवलं. दमयंतीचं किनारा ऊर्जा अभ्यास केंद्र रत्नागिरीतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. भाडं परवडायचं. लग्नसराईत मात्र इथल्या बैठका अक्षता पडेपर्यंत तहकूब ठेवाव्या लागत. आताही खाली बँडवाले सूर जुळवत होते आणि वर दमयंतीचा रक्तदाब चढत होता.

पोंक्षे प्रतिष्ठानाची गोष्ट थोडी वेगळी होती. दिनकरराव पोंक्षे यांनी जन्मभर व्हॉल्व्ह बनवले, म्हातारपणी कारखाना विकला आणि आलेला सगळा पैसा एकाच कामाला लावला. वीज आणि हवामान यांबद्दलचे सरकारी नियम नीट व्हावेत म्हणून जे अभ्यास करतात, त्यांना पोसायचं. लोक दवाखान्याला देतात, शाळेला देतात, देवळाच्या कळसाला देतात. वीजदराच्या नियमावर संगमरवरी पाटी लावता येत नाही, त्यामुळे तिकडे कुणी ढुंकून पाहत नाही. दिनकरराव म्हणत, एक नियम सुधारला तर हजार दवाखान्यांचं काम होतं. त्यांच्या मागे मुलगी वसुधाताई कारभार बघू लागल्या. बापाचा पैसा नेमका कुठे उगवतो हे त्यांना बघायचं होतं, आणि त्यात काही गैर नव्हतं. श्रेयमापक आलं ते त्यामुळे.

यंत्राची कल्पना सांगायला सोपी आहे. सुनावण्यांमधली भाषणं, विधिमंडळातल्या चर्चा, वर्तमानपत्रं, अहवाल, सभांची चित्रणं, जे जे चारचौघांत आहे ते सगळं ते वाचतं. कोणी कोणाचं ऐकलं, कुठल्या वाक्याने कोणाचं मत फिरलं, यावरून एखादा निर्णय कसा घडला याची ते स्वतःच्या पोटात एक प्रतिकृती उभी करतं. मग त्या प्रतिकृतीतून एकच गोष्ट उचलून बाजूला ठेवतं आणि काळ पुन्हा चालवून बघतं. हा अहवाल लिहिलाच गेला नसता तर? हा माणूस सभेत उठून बोललाच नसता तर? असं लाखो वेळा. आमटीतून कधी मीठ वगळून बघावं, कधी कोथिंबीर, आणि कशाने चव गेली ते ठरवावं, त्यातलाच प्रकार. जिच्यावाचून निर्णय अडतो त्या गोष्टीला श्रेय जास्त. मग प्रतिष्ठानाने नियम केला, ज्याचं श्रेय त्याला निधी.

पुढे व्हायचं तेच झालं. अभ्यासकांनी एकमेकांना कच्चे मसुदे दाखवणं बंद केलं, न जाणो, श्रेय तिकडे जायचं. सभेत जो तो "मी मागेच म्हटल्याप्रमाणे" अशी सुरुवात करू लागला. दिल्लीतल्या एका संस्थेने तर अहवालाच्या पानापानावर आपलं नाव पाण्याच्या ठशासारखं उमटवलं. माणसं हवामान वाचवायला निघाली होती आणि नावाच्या पाट्या रंगवत बसली.

दमयंतीच्या केंद्राची रीत बरोबर याच्या उलट होती. ज्याला त्या नियमाखाली जगायचंय, त्यानेच तो मागायचा. केंद्राने अभ्यास करायचा, तो त्या माणसांपाशी बसून त्यांना समजेपर्यंत सांगायचा आणि मग मागे सरायचं. नाव कुठेही घालायचं नाही. दमयंतीने ही रीत पाडली तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली होती. श्रेयमापक तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

"आणि बाकीचं श्रेय कुणाला गेलं?" तिने विचारलं.

ईशानने पडद्यावर बोट ठेवलं. "दोन तृतीयांश एकाच संस्थेला. वेळशेत मच्छीमार महिला सहकारी संस्था. अध्यक्ष जयमाला पावसे."

दमयंती एवढ्या मोठ्याने हसली की शेजारच्या खोलीतून तिची सहकारी फरीदा मुकादम डोकावली. जयमाला पावसे ही दमयंतीची सख्खी थोरली बहीण होती.

वेळशेत हे दापोलीकडचं लहानसं बंदर. दोघी बहिणी तिथल्याच. थोरली माशांच्या धंद्यात राहिली, धाकटी शिकायला बाहेर पडली आणि विजेच्या अभ्यासात शिरली. वेळशेतला बर्फाचे दोन कारखाने होते आणि ते रात्रंदिवस वीज खात. दुपारी किनाऱ्यावरच्या सौर पट्ट्यांतून एवढी वीज निघे की घ्यायला कुणी नसे, ती वाया घालवावी लागे. संध्याकाळी मात्र दिवे, पंखे आणि कॉम्प्रेसर एकदम चालू झाले की कोळशाचे संच पेटवावे लागत. अशात शीतमीठ निघालं. हे एका खास क्षाराचं पाणी, उणे बारा अंशांवर गोठणारं. दुपारच्या फुकट जाणाऱ्या विजेवर ते गोठवून जाड आवरणाच्या टाकीत ठेवायचं. त्यात साठलेला गारवा आठवडाभर टिकतो. पाहिजे तेव्हा त्या टाकीतून नळ्या फिरवून साध्या पाण्याचा बर्फ करायचा, कॉम्प्रेसरला हात न लावता. म्हणजे बर्फाचा कारखाना हीच एक मोठी बॅटरी झाली.

कागदावर सगळं छान होतं, हिशेब मात्र जुळेना. सोमवार ते रविवार अशी बर्फाची मागणी मांडली की आलेख वेडावाकडा यायचा. कधी टाक्या भरलेल्या आणि बर्फ कुणाला नको, कधी बर्फासाठी मारामारी आणि टाक्या रिकाम्या. फरीदा केंद्रातली आकडेमोडीची वाघीण, पण तीही टेकीला आली. मग एके दुपारी दमयंतीने तो आलेख वर्षभराचा लांबलचक काढला आणि त्यातल्या लाटा बघून कपाळावर हात मारला. कोळ्याची पोर असून आठवडे मोजत बसली होती! वेळशेतच्या होड्या डोल जाळ्याच्या. ते जाळं समुद्रात रोवून ठेवायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत यायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला जोर, जाळी भरून बोंबील आणि बर्फाची ओढाताण. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी मरगळलेलं, होड्या किनाऱ्याला. बर्फाची मागणी वाराप्रमाणे चालतच नव्हती, ती तिथीप्रमाणे चालत होती.

त्यातून निघाला तिथीचा वीजदर. भांगाच्या दिवसांत दुपारची वीज कारखान्यांना जवळपास फुकट द्या, त्यांना मीठ गोठवून ठेवू द्या. उधाणाच्या संध्याकाळी त्यांनी कॉम्प्रेसर बंद ठेवून साठवलेल्या गारव्यावर बर्फ करावा. कोळशाचा एक संच कायमचा विझतो आणि बर्फ स्वस्त होतो. पंचांगाप्रमाणे बदलणारा असा वीजदर जगात कुणी ऐकला नव्हता.

केंद्राच्या रीतीप्रमाणे दमयंती आणि फरीदा हे सगळं घेऊन वेळशेतला गेल्या आणि बायकांना सांगत बसल्या. लिलाव आटोपले की शेडमध्ये तालमी चालत. फरीदा वीज कंपनीचा वकील व्हायची आणि नाही नाही ते प्रश्न विचारायची. सुरुवातीला बायका हसत, मग भांडत, मग फरीदालाच कोंडीत पकडू लागल्या.

वीज नियामक आयोगापुढच्या प्रत्यक्ष सुनावणीत जयमाला बोलायला उभी राहिली तेव्हा वीज कंपनीच्या वकिलांनी चष्मा पुसत विचारलं होतं, "मावशी, म्हणजे आता आम्ही विजेचं बिल पंचांग बघून काढायचं का?"

सभागृह खदखदलं. जयमालाने हसणं थांबेपर्यंत वाट पाहिली.

"साहेब, सूर्य बघून दुपारचा दर उतरवलात, तवा कोण हसला नाय. मग चंद्रानं काय घोडं मारलंय?"

आयोगाच्या अध्यक्षांनी ते वाक्य निकालपत्रात जसंच्या तसं घातलं. मागच्या रांगेत बसलेल्या दमयंतीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आणि आता तेच वाक्य तिच्या केंद्राच्या मुळावर आलं होतं.

"ताई, यावर एक उपाय आहे," ईशान म्हणाला. फरीदाही आता येऊन बसली होती. "यंत्राला फक्त उघड्यावरचं दिसतं. त्या तालमींचं चित्रण तुमच्या संगणकावर आहे ना? यंत्राला आत यायची परवानगी द्या. ते स्वतः बघेल, कोणी कोणाला काय शिकवलं. मी अंदाज घेतलाय. तुमचा वाटा निम्म्यावर जाईल आणि निधी सुरू राहील. विश्वस्तांची बैठक सोमवारी आहे."

"आणि मालाताईचा वाटा?"

ईशानने मान खाली घातली. "तो तेवढाच उतरेल. सोळा-सतरा टक्के राहील."

त्याचा अर्थ तिघांनाही कळत होता. हा दर राबवायला नेमलेल्या नव्या किनारा वीज मंडळात लोकांच्या बाजूच्या खुर्च्या श्रेयमापकाच्या आकड्यावरूनच दिल्या होत्या. एक तृतीयांशाहून खाली गेलात की खुर्ची गेली. त्या मंडळात बसून सहा बंदरांच्या बर्फाचं ठरवणारी मासे विकणारी बाई एकच होती.

ईशान गेल्यावर फरीदाने दार लोटलं. खाली बँड आता जोरात आला होता.

"ताई, यात खोटं काय आहे?" ती म्हणाली. "तीन वर्षं मी त्या मिठाच्या मागे घालवली. टाकीचं गणित माझं. तिथीचा आलेख तुमचा. आपण केलं ते आपलं म्हणायचं, एवढंच तर मागतोय. आपल्याकडे काम करणारी अकरा माणसं आहेत. त्यांना काय सांगायचं, की आपण फार मोठ्या मनाच्या आहोत म्हणून तुम्ही घरी बसा?"

फरीदाचं चुकत नव्हतं, आणि तेच दमयंतीला जास्त बोचत होतं.

दुसऱ्या दिवशी ती वेळशेतला गेली. पौर्णिमा जवळ आली होती, जेट्टीवर पाय ठेवायला जागा नव्हती. लिलावाचा आरडाओरडा, बर्फाच्या लाद्या फोडणाऱ्या यंत्राची घरघर, पाट्या घेऊन धावणाऱ्या बायका. जयमाला शेडमध्ये पाहुण्यांना घेऊन बसली होती. कारवारकडच्या पाच-सहा मासे विकणाऱ्या बायका तिथीचा दर समजून घ्यायला आल्या होत्या. दमयंती मागे खांबाला टेकून उभी राहिली.

"ह्या टाकीला आमी धान्याचं असतं तसं पेवच म्हणतो," जयमाला सांगत होती. "दुपारी गारवा पेवात टाकायचा, उधाणाला काढायचा. पण दर मिळाला म्हणून नाचू नका. बर्फ करायला कारखानदाराला स्वस्त पडला, तरी तुमाला तो जुन्याच भावानं विकणार. आमी काय केलं? टाकीतला चौथा हिस्सा संस्थेच्या नावानं मागून घेतला. आमच्या गारव्यावर केलेला बर्फ आमच्याच भावानं. तेवढं लिहून घ्या, न्हायतर सगळी मेहनत दुसऱ्याच्या खिशात."

दमयंती ऐकतच राहिली. टाकीत हिस्सा मागायचं तिच्या कुठल्याही अभ्यासात नव्हतं. चंद्राच्या घोड्याचं वाक्यही कुठल्या तालमीत नव्हतं. तिने रोप लावून दिलं होतं हे खरं, पण आता समोर जे उभं होतं ते तिचं राहिलं नव्हतं, आणि त्याचं वाईट वाटण्याऐवजी तिचा ऊर भरून आला. यंत्राने भूतकाळातून जयमालाला उचलून बघितलं तर निर्णय कोसळला. दमयंतीला उचललं असतं तर? उशिराने का होईना, दुसऱ्या कुणीतरी आलेख काढला असता. यंत्राने तिचा अपमान केला होता, पण गणित फारसं चुकलं नव्हतं.

पाहुण्या चहाला गेल्यावर जयमालाने तिला हाताला धरून बाकावर बसवलं. "काय गो दमे, तोंड का उतरलंय? माझ्याशी लपवाछपवी नको."

दमयंतीने सगळं सांगितलं. जयमालाच्या नाकपुड्या फुलल्या.

"मग उघड की कवाड! मला काय भीती? तू शिकवलंस, मी शिकले. शिकले त्याची लाज कसली? चोरी केली काय?"

"लाजेचा प्रश्न नाही गं. खुर्ची जाईल तुझी."

"जाऊ दे." जयमाला पटकन बोलून गेली खरी, पण मग तिने जेट्टीकडे पाहिलं. तिकडे उधाणाची मासळी उतरत होती आणि लादीला लादी लागून बर्फ घसरत येत होता. "खुर्ची माझ्या एकटीची असती तर दिली असती," ती शेवटी म्हणाली. "पण ती सहा बंदरांची हाय. आता मला बोलता येत नाय. तू ठरव. फक्त एक ऐक. माझ्यावर उपकार म्हणून काय करू नको. उपकार मला पचत नाय."

"उपकार नाही, ताई. यंत्र बरोबर बोलतंय. ते माझ्याच जिवाला लागलं होतं, बस."

परत येऊन दमयंतीने फरीदाला आपला निर्णय सांगितला. परवानगी द्यायची नाही. फरीदा उठून आपल्या खोलीत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही. सोमवारी पहाटे मात्र एसटी स्टँडवर ती पिशवी घेऊन उभी होती.

"मला पटलेलं नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही तिथे एकट्याने उभं राहायचं, हे त्याहून पटत नाही."

प्रतिष्ठानाची बैठक कर्वे रस्त्यावरच्या जुन्या कचेरीत होती. भिंतीवर दिनकररावांनी बनवलेला पहिला पितळी व्हॉल्व्ह काचेत ठेवला होता. वसुधाताई सत्तरीच्या, पाठीचा कणा ताठ, नजर थेट.

"परवानगी का देत नाही?" त्यांनी विचारलं. "लपवण्यासारखं काही आहे का?"

"काही नाही," दमयंती म्हणाली. "आम्ही शिकवलं, त्या शिकल्या, हे मी इथे सगळ्यांसमोर सांगते. पण तुमचं यंत्र शिकवणाऱ्याच्या पारड्यात टाकेल ते शिकणाऱ्याच्या पारड्यातून काढेल. त्याला दुसरं काही येतच नाही. आमचं काम असं आहे की ते नीट झालं तर शेवटी आमच्यावाचून कुणाचं अडू नये. अडलं नाही, म्हणून आमच्या वाट्याला शून्य आलंय. ह्या शून्याची मला लाज वाटत नाही. मला त्याचा अभिमान वाटतो."

ईशान पाण्याच्या ग्लासाकडे टक लावून बसला होता.

"दमयंतीबाई, तुमचं म्हणणं मला पटलं," वसुधाताई सावकाश म्हणाल्या. "आणि पटलं तरी मी नियम मोडणार नाही. आज तुमच्यासाठी मोडला, तर उद्या चांगलं बोलता येणाऱ्या प्रत्येकासाठी मोडावा लागेल. बाबांच्या पैशाला मी एवढी एकच शिस्त लावली आहे. ज्याचं श्रेय त्याला निधी."

"मी मोडा म्हणायला आलेच नव्हते," दमयंती म्हणाली आणि नमस्कार करून उठली. जिना उतरताना फरीदाने तिचा दंड धरला होता. ती रागावलेली होती की रडत होती, ते काही तिने कळू दिलं नाही.

केंद्राचा निधी मार्चअखेर संपायचा होता. मधल्या काळात दमयंतीने माणसांना नोकऱ्या शोधून द्यायला सुरुवात केली. तिने फोन केला नाही असं रत्नागिरीत महाविद्यालय उरलं नाही. वेळशेतला मात्र तिने फोन केला नाही. बहिणीपाशी रडगाणं गायची तिला सवय नव्हती, आणि जयमालाचाही फोन आला नाही, हे तिला लागलं होतं.

मग एके सकाळी जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि जयमाला आत आली. मागे संस्थेच्या चार बायका, सगळ्या लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. खालच्या कार्यालयातल्या माणसाने त्यांना वरपक्षाकडच्या समजून सरबत दिलं होतं, आणि त्यांनी ते निवांत पिऊनही घेतलं होतं.

"बसा," जयमाला म्हणाली, जणू कचेरी तिचीच होती. "पुण्याच्या बाईंनी आमच्या संस्थेला निधी दिला. आमचं श्रेय म्हणून. अट एकच, वीज आणि हवामान यांच्या धोरणाच्या अभ्यासालाच खर्चायचा. आमी काय आलेख काढत बसणार? धंदा कोण करील? तवा आमाला अभ्यास करणारी माणसं पायजेत. चार ठिकाणी विचारणार हाव. पहिलं तुमच्याकडे आलो."

"आधी फोन करायचास ना, ताई!"

"ताई घरी. इथं मी निधी देणारी." जयमालाने पदर सारखा केला, पण डोळे हसत होते. "आणि फोन का नाय केला? सभेत ठराव व्हायचा होता. बहिणीला पैसे दिले असं कोण बोलायला नको. सगळ्यांनी हात वर केले, मग आले. आता सांगा, तुमच्याकडं काय काय अभ्यास हायत?"

फरीदाने घसा साफ केला आणि सांगू लागली. आणखी बंदरांवर शीतमिठाच्या टाक्या. मासळी सुकवायला सौर शेड. बाजारात जाणाऱ्या बायकांसाठी विजेचे टेम्पो. चौघीजणी माना डोलावत होत्या. जयमाला मात्र स्थिर बसली होती.

"हे सगळं आमच्या फायद्याचं हाय," ती म्हणाली. "आमाला गोड लागेल असंच निवडून सांगताय. आमाला जड जाईल असं काय हाय?"

उत्तर दमयंतीकडे होतं, कितीतरी दिवसांपासून होतं. आजवर कुठल्याही देणगीदाराला त्याच्या अंगाशी येणारी गोष्ट तिने पहिल्या बैठकीत सांगितली नव्हती. आणि इथे तर समोर स्वतःची माणसं होती.

"डिझेल," ती म्हणाली. "होड्यांना डिझेलवर सरकारी सवलत मिळते. डोलवाल्या होड्या लांब जात नाहीत, जाऊन परत येईपर्यंत त्या बॅटरीवर चालू शकतात. पण सवलत आहे तोवर कुणी इंजिन बदलणार नाही. ती सवलत हळूहळू काढून तोच पैसा बॅटरीच्या होड्यांकडे वळवावा का, कसा, किती वर्षांत, हा अभ्यास कुणीच करत नाही, कारण तो कुणालाच नकोय. पहिली काही वर्षं ज्या घरात होडी आहे त्या प्रत्येक घराला झळ बसेल. तुझ्याही."

जयमालाच्या शेजारी बसलेली रोहिणी पेडेकर हळूच म्हणाली, "माझ्या घरात तीन होड्या हायत."

जयमालाने तिच्याकडे पाहिलं. रोहिणीने हातातल्या बांगड्या मागे सारल्या, पुन्हा पुढे आणल्या.

"डिझेलचा धूरही मीच गिळते ना रोज," रोहिणी शेवटी म्हणाली. "बघू दे काय निघतं ते."

बाकीच्या तिघींनी एकमेकींकडे पाहून माना हलवल्या. "तोच करा," जयमाला म्हणाली. "पहिला तोच."

दमयंतीने आयुष्यात पुष्कळ देणगीदार पाहिले होते. मोठ्या मनाचे, चांगल्या हेतूचे, हात सैल सोडून पैसा देणारे. पण आपल्याच चुलीच्या मुळावर उठू शकेल अशा प्रश्नासाठी पैसा मोजणारे तिने आजवर पाहिले नव्हते, आणि ते तिच्याच गावाहून आले होते. तिला इतका अभिमान वाटला की पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

म्हणून ते फरीदाने विचारलं. "मालाबाय, समजा अभ्यासाचं उत्तर तुमच्याविरुद्ध आलं. मग काय कराल? काम थांबवा म्हणाल?"

"थांबवू कशाला?" जयमाला उठत म्हणाली. "भांडू की चांगलं."

"आमच्याशी?"

"तुमच्याशी नाय गो. घरी जाऊन, नवऱ्यांशी."